वारंवार गर्भपात : हार्मोनचा आकडा आणि बाईवरचा दोष

वस्त्यांमध्ये काम करताना "हिला मूल टिकत नाही" हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. आता रिपोर्ट हातात घेऊन "हिचे हार्मोनच कमी आहेत" असेही म्हटले जाते. दोन्हीकडे दोष बाईवरच येतो. म्हणून या आकड्यांचा अर्थ आपण नीट समजून घेऊ.

दोन किंवा त्याहून जास्त वेळा गर्भ पडला, तर त्याला वारंवार गर्भपात म्हणतात. काही डॉक्टर तीनची अट धरतात.

गर्भ रुजला की त्याच्याभोवतीच्या पेशी एचसीजी हे हार्मोन तयार करतात. गरोदरपणाच्या चाचणीत लघवीत तेच सापडते. सुरुवातीच्या आठवड्यांत ते साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. त्याच्या आधाराने बीजकोश प्रोजेस्टेरॉन बनवत राहतो आणि गर्भाशयाचे अस्तर टिकते. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम वार स्वतःकडे घेते.

मग प्रोजेस्टेरॉन कमी पडले म्हणून गर्भ पडतो का? अनेकदा उलटे घडते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांत बिघाड असतो. असा गर्भ वाढत नाही, एचसीजी कमी पडते आणि पाठोपाठ प्रोजेस्टेरॉनही उतरते. म्हणजे कमी आकडा हा बऱ्याचदा परिणाम असतो, कारण नव्हे.

2015 साली ब्रिटन व नेदरलँड्समधील ‘प्रॉमिस’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपाताच्या 836 स्त्रिया होत्या. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांपैकी 65.8 टक्के स्त्रियांना बाळ झाले, तर औषध नसलेली कॅप्सूल घेतलेल्यांपैकी 63.3 टक्के स्त्रियांना. हा फरक ठोस नव्हता. पण औषधाविनाही तिघींपैकी जवळपास दोघींना बाळ झाले, हे प्रत्येक घरात सांगितले पाहिजे.

2019 च्या ‘प्रिझम’ अभ्यासात मात्र तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या आणि या वेळी रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रियांना फायदा दिसला : 57 टक्क्यांऐवजी 72 टक्के. म्हणून औषध घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे. मेडिकलमधून परस्पर आणू नये.

थायरॉईड, रक्तातील अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, गर्भाशयाची रचना आणि गरजेनुसार दोघांचीही गुणसूत्रे तपासता येतात. तेव्हा दवाखान्यात नवऱ्यानेही सोबत जावे. पोटात जोराची कळ, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव असेल, तर लगेच रुग्णालय गाठावे.

कार्यकर्त्यांनी घरच्यांना एवढे जरूर सांगावे : कारण शोधा, बाईला दोषी ठरवू नका.