बर्ट विल्यम्सची काजळी

तुरुंगाच्या कोठडीत एक उंचापुरा माणूस एकटाच आहे. समोर पत्ते नाहीत, पैसे नाहीत, खेळगडीही नाहीत. तरी तो हवेतच पत्ते पिसतो, वाटतो, आपले पत्ते छातीशी धरून हळूच बघतो. डोळे लकाकतात. लगेच तो चेहरा मख्ख करतो, कारण शेजारच्या, म्हणजे नसलेल्या, गड्याला सुगावा लागता कामा नये. बोली वाढत जाते. शेवटी पत्ते उघडतात आणि हा हरतो. स्वतःच मांडलेल्या, स्वतःच्याच डोक्यातल्या डावात हरतो!

१९१६ सालच्या 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर' या मूकपटातला हा प्रसंग. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एकटाच असूनही मोठ्यानं हसलो होतो. मग नटाबद्दल थोडं वाचलं आणि पुन्हा पाहिला. या खेपेला हसू घशातच अडकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा काळा रंग त्याचा नव्हता, तो फासलेला होता. आणि हा माणूस मुळात कृष्णवर्णीयच होता.

बर्ट विल्यम्सचा जन्म १८७४ साली बहामा बेटांवर, नासाऊमध्ये झाला. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं आणि कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात स्थिरावलं. वर्ण तसा उजळ, आवाज गंभीर, वाचनाची आवड. अमेरिकी रंगभूमीला अशा कृष्णवर्णीय माणसाचा काही उपयोग नव्हता. तिथं अर्धशतकाहून अधिक काळ मिन्स्ट्रेल शो जोरात होते. गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासत, ओठ मोठाले रंगवत आणि आळशी, भित्र्या, कोंबड्या चोरणाऱ्या 'काळ्या'चं सोंग आणत. यादवी युद्धानंतर खरे कृष्णवर्णीय कलाकार रंगमंचावर येऊ लागले, तेव्हा प्रेक्षकांना सवय होती ती त्या सोंगाची. मग त्यांनीही तीच काजळी फासली. नक्कल एवढी रुजली होती की अस्सलाला नकलेची नक्कल करावी लागली.

विल्यम्सच्या बाबतीत तर त्या सोंगातली बोलीही परकी होती. तो वेस्ट इंडीजकडचा. रंगमंचावरचा तो 'निग्रो' उच्चार आपल्याला एखाद्या इटालियन माणसाच्या बोलीइतकाच शिकून घ्यावा लागला, असं त्यानं पुढं लिहून ठेवलं आहे.

१८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याला जॉर्ज वॉकर भेटला आणि जोडी जमली. तिथंच पुढच्या वर्षी मोठं प्रदर्शन भरलं. त्यात आफ्रिकेतल्या दाहोमी राज्यातल्या लोकांचं एक 'गाव' मांडायचं होतं. खरे दाहोमीवासी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून आयोजकांनी गावातल्याच कृष्णवर्णीय तरुणांना कातडी गुंडाळून बसवलं. त्यांत हे दोघे होते. खरी मंडळी आल्यावर यांना नारळ मिळाला, पण ही पोरं त्यांना बघायला पुन्हा पुन्हा जात राहिली. आपल्या रंगमंचावर कधीतरी खरा आफ्रिकी विषय आणायचा, हे तेव्हाच डोक्यात शिरलं, असं वॉकरनं नंतर सांगितलं.

तोवर पोटासाठी व्होडव्हिल. हा प्रकार म्हणजे एका तिकिटात दहा-बारा तुकडे: गाणं, कसरत, जादू, शिकवलेली कुत्री, मग विनोदी जोडी. प्रत्येकाला मोजकी मिनिटं. या दोघांनी स्वतःची जाहिरात 'टू रिअल कून्स' अशी केली. 'कून' ही शिवीच. गोरे नट ती भूमिका करतात ना, मग घ्या, आम्ही अस्सल! यात टोमणा किती आणि लाचारी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीला विल्यम्स काजळीशिवाय उभा राहायचा. मग १८९५-९६च्या सुमारास डेट्रॉइटच्या एका थिएटरात गंमत म्हणून त्यानं तोंड रंगवलं आणि एक विनोदी गाणं म्हटलं. थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. छानछोकी करणारा वॉकर आणि फाटके बूट ओढत चालणारा, सदा फसणारा विल्यम्स, अशी वाटणी तिथून पक्की झाली. स्वतःकडे दुसरा कुणी म्हणून पाहता आलं तेव्हाच आपल्यातला विनोद जागा झाला, असं त्यानं १९१८च्या एका लेखात म्हटलंय. मला हे वाक्य सहज पचत नाही. बेडी घातलेला माणूस बेडीच्या तालावर नाचायला शिकला, म्हणून बेडीचे आभार मानायचे? पण तो कोठडीतला डाव पाहिला की तो खोटं बोलत नव्हता, हेही कळतं.

१९०० सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कात वंशद्वेषाची दंगल उसळली. गोऱ्या जमावानं नावं घेऊन ज्या नटांना शोधलं त्यांत विल्यम्स आणि वॉकर होते. वॉकरला ट्राममधून खाली ओढलं गेलं. रात्री ज्यांच्यावर हसायचं, त्यांनाच रस्त्यावर मारायचं. तीनच वर्षांनी, १९०३ साली, 'इन दाहोमी' ब्रॉडवेवर लागलं. संगीत विल मॅरियन कुकचं, लिहिणारे आणि रंगमंचावर वावरणारे सगळे कृष्णवर्णीय. मग लंडन, आणि जूनमध्ये थेट बकिंगहॅम राजवाडा, छोट्या राजपुत्राच्या नवव्या वाढदिवसाला.

१९०६ साली त्यानं 'नोबडी'ची रेकॉर्ड केली. शब्द अ‍ॅलेक्स रॉजर्सचे, चाल विल्यम्सची. ती आज सहज ऐकायला मिळते, जरूर ऐका. तो गातो म्हणण्यापेक्षा कुरकुरतो. अडचणीत मदतीला कोण आलं? कुणीच नाही. शब्द लांबवतो, थांबतो, ट्रॉम्बोन मागून रडवेला सूर काढतो. मग तो ठरवतो, आपणही कुणाचं काही देणं लागत नाही. यात काळा-गोरा काही नाही, आणि मला वाटतं, म्हणूनच सगळं आहे. विनोदाची त्याची कल्पनाही अशीच होती: आभाळातून सूप बरसलं तरी ज्याच्या हाती चमच्याऐवजी नेमका काटा असेल, तो त्याचा नायक. लोकांनी हे गाणं पुढं इतकी वर्षं मागितलं की तो स्वतःच त्याला विटला.

वॉकर १९०९ साली आजारी पडला आणि १९११ साली गेला. दरम्यान १९१०मध्ये झिगफेल्डनं विल्यम्सला 'फॉलीज'मध्ये घेतलं. बाकी सगळे गोरे. काहींनी काम सोडायची धमकी दिली, तेव्हा तुमच्यापैकी कुणाचीही जागा भरून काढीन, त्याची नाही, असं झिगफेल्ड म्हणाला म्हणे. दशकभर तो त्या खेळांचा मोठा तारा होता. तरी हॉटेलात त्याला सामानाच्या लिफ्टनं वर जावं लागे. याचं इतकं वाईट वाटलं नसतं, पण टाळ्या अजून कानात वाजत असतात ना, अशा अर्थाचं काहीतरी तो सहकलाकार एडी कँटरला म्हणाला होता.

१९२२च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा डेट्रॉइट. न्यूमोनिया अंगावर काढत त्याचे 'अंडर द बांबू ट्री'चे खेळ चालू होते. तो रंगमंचावर कोसळला. तोही विनोदच समजून प्रेक्षक हसले. ४ मार्चला न्यूयॉर्कमध्ये तो गेला, वय ४७.

इथं थांबायला हवं होतं, पण आणखी एक फिल्म आहे. १९१३ साली त्याला नायक करून, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय कलाकार घेऊन एक मूकपट चित्रित झाला आणि अर्धवट टाकून दिला गेला. त्याची न संकलित केलेली रिळं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ७०हून अधिक वर्षं पडून होती. २०१४ साली ती लोकांपुढं आली. त्यातली माणसं नटूनथटून नाचतात, जत्रेला जातात, मजा करतात, आणि त्यांचे चेहरे त्यांचेच आहेत. काजळी एकट्या विल्यम्सला. ती एकानं फासली म्हणून बाकीच्यांना सूट मिळाली असावी. एका दृश्यात तो नायिकेबरोबर, ओडेसा वॉरन ग्रेबरोबर, जत्रेतल्या घोड्यांच्या चक्रात बसलाय. चक्र फिरतंय. आणि इतका वेळ सदा फसणारा तो माणूस या एका ठिकाणी कुणाकडूनच फसत नाही, नुसता फिरत राहतो.