अंकांचा कंठा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा आकडी संख्या प्रथमदर्शनी एखाद्या खेळकर मुलाने पाटीवर लिहिलेली वाटते. एकापासून नवापर्यंत चढावे आणि त्याच पायऱ्यांनी एकापर्यंत उतरावे, एवढाच तिचा थाट. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामांनी मोजू गेल्यास तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो. त्यापुढचे स्थान परार्धाचे.

अशा संख्यांना आपल्या काळात नाव मिळाले ते एका शाळामास्तरांमुळे. डहाणूस १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. १, १२१, १२३२१ या क्रमाने जाणाऱ्या संख्या त्यांतील ‘अद्भुत’ होत.

अद्भुत खरे, पण अगम्य नव्हे. नऊ एके मांडून त्या संख्येला तिनेच गुणावे. नऊ ओळी एकेक घर सरकत खाली उतरतात. उभ्या रकान्यांची बेरीज एक, दोन, तीन अशी नवापर्यंत वाढते आणि तशीच घटते. कोठेही हातचा येत नाही, म्हणून आकृती अभंग राहते. दहा एक्यांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला, शिखरावर दोन शून्ये आली. सौंदर्याची सीमा आपल्या दशमान पद्धतीनेच आखून दिली आहे.

ही संख्या संयुक्त आहे. नऊ एक्यांची संख्या म्हणजे ३ चा वर्ग, ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकार. तिचा वर्ग घेताच प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक दुप्पट होतो आणि विभाजकांची संख्या ४५ भरते. तिच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. त्या मेळाव्यातही हिला स्थान आहे.

हा छंद त्यांच्यापासून सुरू झाला असे मात्र नव्हे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. गळ्यातील कंठ्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या संख्या त्यांनी गुणाकाराच्या उदाहरणांत गुंफल्या. एकापासून सहापर्यंत चढून उतरणारी १२३४५६५४३२१ त्या ग्रंथात आहे, आणि १२३४५६७९ ला ९ ने गुणून मिळणारी नऊ एक्यांची माळही आहे. डेम्लोचे मूळ असे मान्यखेटच्या राज्यात सापडते.

कापरेकरांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षा आली. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाचे संशोधन अनेक विद्वानांना करमणूक वाटे; त्यांच्या कित्येक पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्यानंतर अकराच वर्षांनी, १९८६ साली, ते निवर्तले.

टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. दशमान पद्धत बदलली की यांतील पुष्कळशी नवलाई ओसरते. परंतु नवल वाटणे आणि ते का घडते हे विचारणे यांत फार अंतर नाही, आणि दुसऱ्या प्रश्नापासूनच गणिताचा आरंभ होतो. त्या उंबरठ्यापर्यंत मुलाला बोट धरून आणणे हे शाळामास्तरांचेच काम. ज्याला गुणाकार येतो त्याने नऊ एके मांडावेत, मग दहावा एक जोडावा, आणि आठ कोठे गेला याचा शोध घ्यावा.