दोन झटक्यांमधला सेकंद

अमेरिकेच्या ईशान्य भागात परसबाग करणाऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. होस्टाची पाने, ट्युलिपच्या कळ्या, सफरचंदाच्या कलमांचे कोवळे शेंडे ते रातोरात साफ करते. मनात आणले तर आठ फुटांचे कुंपणही ते उडी मारून ओलांडते. तरीही जमिनीपासून अडीच फुटांवर ताणलेली एखादी तार आणि तिला जोडलेली लहानशी सौर पेटी एवढ्या सामानावर अनेक छोट्या बागा राखल्या जातात. आपल्याकडे विदर्भातला शेतकरी अशाच यंत्राला ‘झटका मशीन’ म्हणतो. या वस्तूची कुळकथा बहुधा विजेच्या किंवा सौरऊर्जेच्या प्रगतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिचे मूळ दुसरीकडे आहे. तारेत वीज सोडण्याची युक्ती जुनी आणि सोपी होती. अवघड होते ते वीज वेळीच तोडणे. हे कुंपण जन्माला आले ते तोडण्याच्या त्या निर्णयातून, आणि त्याचा वापर, साठवण, अपयश या सगळ्यांचा उलगडा तिथूनच होतो.

जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट १८७४ साली मिळाले. बारा वर्षांतच, १८८६मध्ये, डेव्हिड विल्सन या अमेरिकनाने विजेच्या कुंपणाचे पेटंट घेतले. मार्क ट्वेनच्या ‘अ कनेक्टिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ या १८८९च्या कादंबरीत विजेच्या तारा चिलखती सरदारांचे सैन्य मारून टाकतात. कल्पनेतले हे १९१५मध्ये प्रत्यक्षात आले. जर्मन सैन्याने बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर सुमारे दोन हजार व्होल्टची तार उभारली आणि ती ओलांडू पाहणारी शेकडो माणसे तिला चिकटून मेली. म्हणजे गुरे राखणारे कुंपण शेतात स्थिरावण्याआधी माणसे मारणारे कुंपण तयार होते. मग पेटंटाचा मान १८८६चा असताना जन्म पुढचा का धरायचा, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर असे, की तारेतून अखंड वाहणारी वीज राखण करत नाही. प्राण्याला माघारी जाऊन काही शिकायची संधीच ती ठेवत नाही.

ही संधी १९३०च्या दशकात निर्माण झाली. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ बिल गॅलघर या शेतकऱ्याचा घोडा त्याच्या मोटारीला अंग घासत असे. गाडी हलली की घोड्याला झटका बसेल अशी जोडणी त्याने केली आणि त्यातून पुढे बॅटरीवर चालणारे कुंपण तयार झाले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. त्याच काळात अमेरिकेत घरगुती जोडणीच्या कुंपणांनी जनावरे आणि माणसेही मरत होती. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने १९३९मध्ये नेमका याच झटक्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न होता शरीर किती सोसते याचा. सतत वाहणारा प्रवाह स्नायू आवळून धरतो, त्यामुळे पकडलेली तार हाताला सोडता येत नाही. सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता झटका देऊन वीज थांबली, तर स्नायू सैल पडतो आणि प्राणी मागे उडी घेतो. दोन झटक्यांमधली ही सवड हीच त्या कुंपणाची खरी रचना आहे.

तिला पक्के रूप दिले न्यूझीलंडच्याच रुआकुरा संशोधन केंद्रातल्या डग फिलिप्स यांनी, १९६२च्या सुमारास. तोवर ओले गवत तारेला लागले की वीज जमिनीत झिरपे आणि कुंपण काही अंतरावरच निर्जीव होई. फिलिप्स यांच्या यंत्रात ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते आणि एका क्षणात बाहेर फेकली जाते. झटका इतका तीव्र आणि अल्पकाळ असतो, की गवतातून गळती होऊनही पुष्कळ दूरपर्यंत पोहोचतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन झटक्यांत किमान एक सेकंद जावा लागतो आणि नेमून दिलेल्या भारावर एका झटक्याची ऊर्जा पाच जूलच्या आत ठेवावी लागते. सौर पट्टी या कथेत येते ती इथे. दीड सेकंदाला एक जूल याचा अर्थ सरासरी एक वॅटपेक्षाही कमी. यंत्रातली गळती धरून एक वॅट मानला, तरी दिवसाला चोवीस वॅट-तास लागतात, आणि दहा वॅटची पट्टी पाच तासांच्या चांगल्या उन्हात सुमारे पन्नास देते. वीज अखंड वाहणार असती तर एवढीशी पट्टी तिला कधीच पुरली नसती.

आता हरणाकडे वळू. तार त्याला अडवत नाही हे खरेच. उडी मारू शकणारा प्राणी अडीच फुटांपुढे थांबतो, कारण तारेची त्याने एकदा नाकाने ओळख करून घेतलेली असते. हरणाचे केस, विशेषतः थंडीतले पोकळ केस, वीज अंगापर्यंत पोचू देत नाहीत. ओले नाक आणि जीभ मात्र पोचू देतात. म्हणून अमेरिकेत तारेला अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तुकडे लटकवून त्यांना शेंगदाण्याचे लोणी फासतात. हरीण वास घेत येते, जीभ लावते आणि पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. ही पद्धत छोट्या बागेला आणि मध्यम उपद्रवालाच पुरते. कळप उपाशी असेल आणि बाहेर चारा नसेल, तर धडा विसरला जातो. तिथे उंच जाळीच हवी, आणि सौर पेटी विकणाऱ्याने ते सांगायला हवे. भुकेलेल्या हरणाला नुसती भीती फार काळ पुरत नाही.

कुंपण हे शिकवणीवर चालत असल्यामुळे बंद पडलेले कुंपण नसलेल्यापेक्षा वाईट. एका रात्री बॅटरी उतरली आणि हरीण निर्जीव तारेखालून आत गेले, की आधीचा सगळा धडा पुसला जातो. हंगाम संपल्यावर तार तशीच उभी ठेवून पेटी तेवढी घरात नेणे ही म्हणूनच मोठी चूक. तार चालू ठेवायची, नाहीतर गुंडाळून ठेवायची. प्लॅस्टिकच्या धाग्यात बारीक पोलादी तारा विणलेली दोरी रिळावर सैल गुंडाळावी, कारण वळ पडून आतली तार तुटली तर बाहेरून दिसत नाही. पेटीतली बॅटरी बहुधा शिसे-आम्लाची असते आणि ती वापराविनाही हळूहळू उतरते. उतरलेली ठेवली तर पत्र्यांवर सल्फेटचा थर बसतो. बर्फाळ प्रदेशात तर पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले पाणी शून्याच्या थोडेच खाली गोठून ती फुटते. भरलेली मात्र उणे पन्नास अंशांतही टिकते. ती भरून, बटण बंद करून, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-एक महिन्यांनी पुन्हा भरावी. अंधाऱ्या फडताळात टाकलेली सौर पेटी स्वतःला भरून घेऊ शकत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाते.

महाराष्ट्रात थांबून येणारा झटका आणि अखंड प्रवाह यांतला फरक जिवावर बेततो. रानडुक्कर आणि रोह्यांनी पीक उद्ध्वस्त केल्यावर काही ठिकाणी लाइनवर आकडा टाकून थेट तारेत करंट सोडला जातो. २०१७च्या एप्रिलमध्ये ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ अशाच तारेने मेला. त्याच तारांनी शेतकरी आणि मजूरही दगावतात. यावर शेतकऱ्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा आहे: झटका मशीन महाग, आणि उन्हाळ्यात चालत नाही. दुसरे म्हणणे बरेचदा खरे असते, पण दोष यंत्राचा नसतो. झटक्याचा परतीचा रस्ता जमिनीतून जातो. कोरड्या मुरमात तो तुटतो. अर्थिंगच्या सळ्या खोल, ओलीपर्यंत गाडाव्यात, किंवा एक तार चालू आणि तिच्याशेजारची अर्थिंगला जोडलेली, अशी रचना करावी. मग प्राण्याने दोन्हींना स्पर्श केला की मंडल पूर्ण होते. पैशांचे म्हणणेही खरे आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते, पण पेरणीच्या आत ते हाती पडले तरच त्याचा उपयोग. एकाच्या शेतातून हाकललेले जनावर शेजाऱ्याच्या शेतात जाते, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एकेकट्या शेताभोवतीच्या कुंपणाकडे त्याला उत्तर नाही. सलग शिवाराला मिळून एकच कुंपण, त्यात जनावरांच्या जुन्या वाटा मोकळ्या सोडलेल्या, आणि तारेखालचे गवत कापायची पाळी ठरलेली, एवढे जमले तर उत्तर मिळू शकते. ही कामे गावानेच करायची आहेत.