भिंतीआडची ओल

पावसाळा लागला की ट्रंकेतले कपडे कुबटतात, चामड्याच्या चपलेवर पांढरी लव येते, हे माणगाव तालुक्यात कुणाला सांगायला नको. वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख! डोळ्यांना दिसणारी बुरशी आपण पुसून टाकतो. पण भिंतीला टेकलेल्या कपाटामागे, कणगीच्या तळाशी जी वाढते ती कशी ओळखायची? जुन्या माणसांनी ओलीशी कसा सामना केला, ते पाहू या.

शेजारच्या महाड तालुक्यात रायगड उभा आहे. १६७४ साली तिथे राज्याभिषेक झाला. त्या वेळच्या अष्टप्रधानांतले रामचंद्रपंत अमात्य यांनी पुढे, १७१६ च्या सुमारास, 'आज्ञापत्र' लिहिले. राज्यकारभाराच्या या ग्रंथात गडावरच्या दारूखान्याची, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूच्या कोठाराची, व्यवस्थाही सांगितली आहे. तळघराला गच्ची करावी, दारूची मडकी माचावर ठेवावीत, ओलावा पोहोचू देऊ नये. आणि एवढे करूनही हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी जातीने येऊन सारा माल बाहेर काढावा, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. माल बिघडल्याचे कळेपर्यंत थांबायचे नाही, ठरल्या मुदतीला उघडून पाहायचे, ही त्यातली मेख आहे.

कोकणातले जुने घरही असेच जपलेले असे. उंच जोते, पुढे आलेली वळचण, पावसाच्या तोंडावर शाकारणी. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर जाई आणि वाटेत बियाणे, लाकूड कोरडे ठेवी. त्याच धुराने घरच्या बायांचे डोळे आणि छाती बिघडे, तेव्हा तो गेला हे बरेच झाले. पण स्लॅब आला, भिंतीला चिकटून कपाटे आली, वारा अडला आणि बुरशीला आडोसा मिळाला.

हा नुसत्या टापटिपीचा प्रश्न नव्हे. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागांत पावसात भिजलेला मका घरोघर खाल्ला गेला. त्यावरच्या बुरशीच्या विषाने कावीळ होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत खोकला आणि दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नमूद केले आहे.

तेव्हा हवालदाराची ती पाळी आपणही धरावी. पंधरा दिवसांनी कपाट हातभर पुढे ओढा. पहिली साक्ष नाकाची. बंद खोली उघडताच कुबट वास आला तर ओल कुठेतरी मुरते आहे असे समजा. बॅटरी भिंतीलगत तिरपी धरा, म्हणजे रंगाचे फुगवटे दिसतील. मात्र पांढरे दिसेल ते सगळेच बुरशी नव्हे. पाणी लावताच विरघळले तर तो लोणा. तरीही शंका उरली तर वीतभर प्लास्टिक चारी कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूस दव जमले तर ओल भिंतीतून येते आहे, तेव्हा कौले, नळ, जोते तपासा. बाहेरच्या बाजूस जमले तर ती खोलीच्या हवेतली, तेव्हा वारा खेळू द्या. बुरशी कोरडी झाडू नका, तिची धूळ छातीत जाते. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. बुरशी धरलेले धान्य धुतल्या-भाजल्याने निर्धोक होत नाही. ते गुरांपुढेही टाकू नका.

शिक्षक मंडळींना एक विनंती. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटालाही अशीच पाळी लावा आणि कपाट उघडल्याची तारीख दाराच्या आत खडूने लिहीत जा. आषाढात ऊन कुठले, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण चार दिवसांच्या झडीनंतर एखादी उघडीप मिळतेच, तेवढी साधावी.