डर्टी बॉम्ब : भीती किती, धोका किती?

जून २००२ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी टीव्हीवर जाहीर केलं, 'डर्टी बॉम्ब'चा कट उधळला! होजे पडिया नावाच्या माणसाला पकडलं होतं. २००७ मध्ये खटला उभा राहिला, तेव्हा आरोपपत्रात त्या बॉम्बचं नावही नव्हतं.

डर्टी बॉम्ब म्हणजे अणुबॉम्ब नव्हे बरं का. साध्या स्फोटाने किरणोत्सारी पदार्थ पसरवायचा, एवढंच. आजवर असा एकही हल्ला झालेला नाही. १९९५ मध्ये चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझमायलोवो पार्कमध्ये सिझियम पुरलं आणि टीव्हीवाल्यांना कळवलं. फोडलं नाही. नुसती बातमीच पुरेशी होती.

मग हा सगळा बागुलबुवाच का? तसंही नाही. बॉम्बशिवाय काय होतं ते ब्राझीलच्या गोयानिया शहराने पाहिलंय.

सप्टेंबर १९८७. ओस पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी कॅन्सरवरच्या उपचारांचं यंत्र उचललं आणि भंगारात विकलं. आत होतं सुमारे ९३ ग्रॅम सिझियम क्लोराईड. अंधारात निळं चमकणारी ही पावडर भंगारवाल्याने कौतुकाने नातेवाईकांना वाटली. घरात माणसं आजारी पडू लागली, तेव्हा संशय आला तो त्याच्या बायकोला. तिने उरलेला भाग पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याकडे नेला, म्हणून प्रकार उघडकीस आला. ती मात्र वाचली नाही. सहा वर्षांच्या पुतणीसह एकूण चार जण गेले.

आता बाकीचे आकडे बघा. १,१२,००० हून जास्त लोकांची तपासणी झाली, त्यात २४९ जण बाधित निघाले. घरं पाडावी लागली, माती खरवडून न्यावी लागली. मुलीच्या दफनालाही लोकांनी दगडफेक करून विरोध केला.

म्हणजे हिशोब असा : माणसं मारायला हे हत्यार कुचकामी, पण शहर ठप्प करायला, शेजाऱ्याला शेजाऱ्याची भीती घालायला पुरेसं.

आणि त्यासाठी दहशतवादीच लागतो असंही नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोचलं, ते एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातून. एक कामगार दगावला.

त्यामुळे कुणी डर्टी बॉम्बची भीती घातली, तर आधी एकच प्रश्न विचारावा : जुन्या यंत्रांची नोंदवही कोण सांभाळतंय?