कानांनी खेळलेला ‘डूम’

१९९३ साली आलेल्या ‘डूम’ने जगभरच्या पोरांना संगणकासमोर खिळवून ठेवलं. अंधारे बोळ, दारं, दाराआड दबा धरून बसलेले राक्षस. पण सगळी मजा पडद्यावरची. अंध मुलं या खेळातून बादच. चिली विद्यापीठातले हायमे सांचेझ आणि अर्जेंटिनाचे मौरिसिओ लुम्ब्रेरास यांनी मग पडद्याची गरजच काढून टाकली. त्यांच्या ‘ऑडिओडूम’मध्ये बोळ, दारं, राक्षस सगळं कानांवर यायचं: डावीकडून, उजवीकडून, जवळून, लांबून.

खेळ संपला की मुलांपुढे लेगोचे ठोकळे ठेवले जात. फिरून आलात ती जागा रचून दाखवा! बोळ कुठे वळला, दार कुठे लागलं, हे मुलं चाचपत जोडत जायची. ज्या जागेला कधी हात लागला नव्हता, तिचा आराखडा त्यांच्या बोटांतून उतरायचा. हे काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. आवाजावरून मूल मनात नकाशा बांधतं, याचा इतका देखणा पुरावा क्वचितच मिळतो.

खऱ्या जगात मात्र अंध मुलं चालायला शिकतात ती पांढऱ्या काठीने. लांब काठीची पद्धत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी बसवली. काठी हवीच. पण तिला पुढच्या एक-दोन पावलांपलीकडचं कळत नाही, आणि पाठ केलेली वाट बंद झाली की मूल अडतं.

सांचेझ यांचा गट पुढे खऱ्या जागांकडे वळला. आधी सांतियागोची मेट्रो, मग इमारती. हार्वर्डचे लोतफी मेराबेट यांच्यासोबत त्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या कॅरल सेंटर या अंधांच्या संस्थेची इमारत आवाजात उभी केली. कळ दाबली की एक पाऊल पुढे. दार उजवीकडे असेल, तर टकटक उजव्या कानात.

लहानपणीच दृष्टी गेलेल्या काही जणांना याच आभासी इमारतीतल्या वाटा नेमून शिकवल्या. बाकीच्यांना सांगितलं, रत्नं शोधा आणि बाहेर आणा. मग सगळ्यांना खऱ्या इमारतीत नेलं. सांगितलेल्या ठिकाणी पोचणं दोन्ही गटांना जमलं. पण एखाद्या खोलीत सोडून ‘जवळच्या वाटेने बाहेर पडा’ म्हटल्यावर खेळून आलेले सरस ठरले, असं २०१२ च्या शोधनिबंधात नोंदवलं आहे. खेळात राक्षस रत्न पळवून भलत्याच खोलीत लपवायचा, त्यामुळे खेळणाऱ्याला इमारत उलटीसुलटी पालथी घालावी लागे. नेमून दिलेल्या वाटेने जाणाऱ्यांवर ती वेळ आलीच नव्हती.