शॉडीची कुळकथा

थातूरमातूर उरकलेल्या कामाला इंग्रजीत ‘शॉडी’ म्हणतात. मुळात हे एका कापडाचं नाव. आणि ते कापड मात्र डोळ्यांत तेल घालून तयार करावं लागे.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडात लोकरीची चणचण होती. यॉर्कशरमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने १८१३च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून दाखवलं. चिंध्या आधी रंग आणि पोत बघून निवडायच्या. शिवणी उसवायच्या, बटणं काढायची. मग लोखंडी दात बसवलेल्या फिरत्या रुळावर त्या पिंजायच्या. या यंत्राचं नावच ‘सैतान’ होतं. त्यातून इतका धुरळा उडे, की कामगार तापाने फणफणत. निघालेल्या तंतूंत ताजी लोकर मिसळून सूत कातलं जाई. कापड जाडंभरडं, पण ऊबदार आणि गरिबाला परवडणारं. १८६० साली सॅम्युअल जब याने या धंद्याचा इतिहासच लिहिला, तेव्हा बॅटली-ड्यूझबरीच्या गिरण्यांत देशोदेशीच्या चिंध्या येऊन पडत होत्या.

नाव बदनाम झालं ते अमेरिकेत. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनने ७५,००० स्वयंसैनिकांना हाक दिली. हजारो गणवेश तातडीने हवे होते. पिंजलेल्या चिंध्यांचे तंतू आखूड असतात. नव्या लोकरीची जोड आणि नीट कताई नसेल, तर ते एकमेकांना धरून राहत नाहीत. काही ठेकेदारांनी ही मेहनतच वाचवली. चिंध्यांचा भुगा दाबून, चिकटवून कापड म्हणून खपवला. सैनिकांच्या अंगावर पावसात गणवेशांच्या चिंधड्या झाल्या. लोक संतापले आणि युद्धावर गब्बर झालेल्यांना ‘शॉडी’ म्हणू लागले. पुढे हाच शब्द पाट्या टाकून केलेल्या कुठल्याही कामाला चिकटला.

हा शॉडीवर अन्याय आहे. हेच तंत्र आज हरियाणातल्या पानिपतमध्ये चालतं. परदेशांतून आलेले जुने स्वेटर आणि कोट बायका रंगवार लावतात, चेन-बटणं कापून काढतात. रंग असा आधीच जुळवल्यामुळे बरंचसं सूत नव्याने रंगवावं लागत नाही. त्यातून विणलेली ब्लँकेटं भूकंप-पुरात उघड्यावर पडलेल्यांना वाटली जातात. चिंधीतून ऊब काढणारे हे हात कामात कसूर करत नाहीत. कसूर केली होती त्या ठेकेदारांनी.